कर्सर लावायचा की मेजर दाबायचं? डिजिटल स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पहिल्यांदा हात ठेवणाऱ्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतनं आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यावर २४ व्होल्टचा एक एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) दुरुस्तीला आला होता. सीएनसी मशीनच्या पॅनेलमधला. आउटपुटचे दोन कपॅसिटर फुगले होते. ते बदलले, लोड लावला आणि रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, बघायचं काम डिप्लोमा करून नुकत्याच आलेल्या पोराकडं दिलं. त्यानं प्रोब लावला, मेजर (स्कोपनं आपोआप मोजायच्या) मेन्यूत पीक-टू-पीक निवडलं आणि जॉबकार्डवर लिहिलं : ४१२ मिलीव्होल्ट.

"दादा, कपॅसिटर नवे घालूनपण रिपल चारशेच्या वर दाखवतंय बघा. सप्लाय काय खरा नाही ह्यो."

मी शेजारी बसलो आणि दोन आडवे कर्सर, म्हणजे पडद्यावर हातानं सरकवायच्या रेषा, लावले. रिपलची लाट जिथपर्यंत चढते तिथं एक, जिथपर्यंत उतरते तिथं दुसरा. आकडा आला ६५ मिलीव्होल्ट.

प्रोब तोच, लोड तोच, पडद्यावरचं चित्रही तेच. तरी आकड्यांत सहापट फरक, आणि दोन्ही आकडे बरोबर. पडद्यावरच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बिंदूतलं अंतर खरोखरच ४१२ होतं. पण ते बिंदू रिपलचे नव्हते. स्विचिंगच्या क्षणी सुईसारख्या बारीक स्पाइक उठत होत्या, त्यांची ती टोकं होती. मग प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाशी स्प्रिंग बसवली. मेजरचा आकडा १३८ वर उतरला, कर्सरचा ६५ जागचा हलला नाही. म्हणजे त्या स्पाइकचा बराचसा भाग सप्लायचा नव्हताच, आमच्याच वायरनं हवेतनं उचललेला होता.

नव्या मुलांना मी एवढंच पटवून देत असतो. कर्सर आणि मेजर जुळत नसतील तर कुठला खरा हा प्रश्न नंतर. आधी दोघांनी वेव्हच्या कुठल्या भागाला हात लावला ते शोधा. तो फरक का आला हे समजलं की बहुतेक वेळा दोषही सापडतो. आता हे कसं करायचं ते बेंचवर ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो.

आधी जिवाचं, मग आकड्याचं

प्रोबची क्रोकोडाइल क्लिप स्कोपच्या आतनं थेट थ्री-पिन प्लगच्या अर्थिंगला जोडलेली असते. सगळ्या चॅनलच्या क्लिपा आतनं एकच असतात. कॉलेजात हे सांगतात, पण बेंचवर घाईत विसरलं जातं. आपल्या भागात ड्राइव्हची (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रांची) कामं भरपूर. फौंड्रीतले ब्लोअर, इचलकरंजीच्या मागांच्या मोटरी, गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांतनं येणारी कार्डं. ४१५ व्होल्टची थ्री-फेज लाइन ब्रिजमधनं गेली की ड्राइव्हच्या डीसी बसवर ५८५ व्होल्टच्या आसपास उभे असतात. त्या बसचा निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड असं समजून तिथं क्लिप लावली, तर ब्रिजच्या डायोडमधनं फेज सरळ अर्थला मिळते. मोठा जाळ होतो, आणि त्या वेळी माणूस बरोबर तिथंच वाकून बघत असतो.

यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे मी पाहिलेत. हे कधीच करू नका. मग क्लिप ज्या व्होल्टेजला असेल त्या व्होल्टेजला स्कोपची बीएनसीची कडी आणि उघडा धातू जाऊन बसतो, आणि पुढं हात लावणाऱ्याला काही कल्पना नसते. अशा ठिकाणी डिफरेन्शियल प्रोबच लागतो, म्हणजे अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा. तो हाताशी नसेल तर ते माप घ्यायचं नाही. या लेखातला सराव कमी व्होल्टेजच्या, आयसोलेटेड बाजूवरच करायचा आहे.

आता प्रोब. त्याच्या अंगावर छोटा सरकता स्विच असतो, १एक्स आणि १०एक्स. १०एक्सवर ठेवा, आणि चॅनलच्या मेन्यूतही १०एक्सच निवडा. ही दोन्हीकडची जुळणी चुकली तर आकडा दहापट चुकतो, आणि कर्सर, मेजर दोन्ही अगदी एकमतानं चुकीचं सांगतात. दोघांचा मेळ बसला म्हणून माप बरोबर, असं इथं म्हणता येत नाही. त्यामुळं ही खात्री सगळ्यात आधी.

नंतर प्रोबचं टोक स्कोपच्या पुढच्या बाजूला असलेल्या कॉम्पेन्सेशनच्या पट्टीला लावा. तिथं साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी वेव्ह मिळते. तिचे कोपरे गोल दिसले किंवा कोपऱ्यावर शिंग आल्यासारखं दिसलं, तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसानं फिरवून माथा सपाट करा. दुसऱ्या स्कोपचा प्रोब उचलून आणला असेल तर हे पुन्हा करायला लागतं.

आधी डोळ्यानं मोजा

आपल्याकडं स्कोपला अजूनही सगळे सीआरओच (कॅथोड रे ऑसिलोस्कोप) म्हणतात. पिक्चर ट्यूब जाऊन किती वर्षं झाली, गाळ्यावर डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) आला, तरी "सीआरओ लाव की" असंच तोंडात येतं. त्या जुन्या सीआरओवर आकडा कुठंच छापून येत नसे. पडद्यावरचे चौकोन मोजायचे आणि नॉबवरच्या आकड्यानं गुणायचं. उंची साडेतीन डिव्हिजन, नॉब २ व्होल्टवर, म्हणजे ७ व्होल्ट. एवढंच.

ती सवय सोडू नका. शिरोलीच्या फौंड्रीत जुना फर्नेसवाला थर्मोकपल बुडवायच्या आधी रसाचा रंग बघून अंदाज बांधतो. मीटरनं भलतंच काही दाखवलं तर त्याला लगेच कळतं की टीप गेली, कारण अंदाज आधीच मनात असतो. स्कोपवरही असंच. आधी चौकोन मोजून तोंडानं म्हणा : "साधारण ७ व्होल्ट, साधारण १ मिलिसेकंद." मगच कर्सरला हात लावा. दहापटीची चूक अशी जागीच पकडली जाते.

वेव्ह पडद्यावर मोठी बसवणंही इथंच येतं. बहुतेक साध्या स्कोपचा कन्व्हर्टर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ८ बिटचा असतो. म्हणजे उभ्या दिशेनं एकूण २५६ पायऱ्या. पडद्याला ८ डिव्हिजन धरल्या तर एका डिव्हिजनमध्ये ३२ पायऱ्या. तुमची वेव्ह एकाच डिव्हिजनएवढी असेल तर तिची उंची ३२ पायऱ्यांत सांगितली जाते, आणि एक पायरी इकडं-तिकडं झाली की ३ टक्के गेले. तीच वेव्ह सहा डिव्हिजन भरून बसवली तर जवळपास १९२ पायऱ्या मिळतात. मात्र ती वर किंवा खाली पडद्याबाहेर जाऊ देऊ नका. बाहेर गेलेला भाग स्कोपला दिसतच नाही, मग मेजर कापलेल्या वेव्हचाच आकडा देतो. काही स्कोप अशा वेळी आकड्याशेजारी प्रश्नचिन्ह लावतात, काही तेवढंही करत नाहीत.

ऑटो बटण दाबायला माझी हरकत नाही. काहीच दिसत नसेल तेव्हा ते वेव्ह शोधून देतं. पण त्यानंतर व्होल्ट/डिव्ह, टाइम/डिव्ह आणि ट्रिगर (चित्र कुठल्या क्षणाला धरायचं ते) स्वतःच्या हातानं लावा. ट्रिगर स्थिर नसेल आणि चित्र पळत असेल, तर कुठलंच माप घेण्यात अर्थ नाही.

कर्सरचा पहिला सराव

यासाठी काहीच विकत आणायला लागत नाही. प्रोब त्याच कॉम्पेन्सेशनच्या पट्टीवर राहू दे. मेन्यूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण क्रम असा :

१. टाइमबेस (टाइम/डिव्ह) २०० मायक्रोसेकंद/डिव्ह ठेवा. वेव्हची एक पूर्ण सायकल पाच डिव्हिजनमध्ये दिसेल.
२. कर्सर बटण दाबा. मोड मॅन्युअल, प्रकार टाइम, सोर्स तुमचा चॅनल. दोन उभ्या रेषा येतील, ए आणि बी.
३. ए कर्सर चढत्या कडेच्या अर्ध्या उंचीवर आणा.
४. बी कर्सर पुढच्या चढत्या कडेच्या बरोबर अर्ध्या उंचीवर आणा. एकीकडं कडेचा पाया आणि दुसरीकडं माथा धरू नका.
५. कोपऱ्यातल्या चौकटीत डेल्टा वाचा. साधारण १ मिलिसेकंद. शेजारीच त्याचा व्यस्त आकडा असतो, १ किलोहर्ट्झ.

आता बी कर्सरचा नॉब एकच खटका फिरवा आणि डेल्टा किती बदलला ते बघा. तेवढी तुमच्या कर्सरची सगळ्यात छोटी पायरी. बऱ्याच स्कोपवर ती पडद्याच्या एका पिक्सेलएवढी असते. एका डिव्हिजनमध्ये ५० पिक्सेल धरले, तर २०० मायक्रोसेकंद/डिव्हला एक पिक्सेल ४ मायक्रोसेकंदांचा होतो. टाइमबेस १ मिलिसेकंदवर नेला तर तीच सायकल एका डिव्हिजनमध्ये गोळा होते, आणि एका पिक्सेलची चूक थेट २ टक्क्यांवर जाते. म्हणून जे मोजायचं ते पडद्याभर पसरवा. वेव्ह बारीकच ठेवणं भाग असेल तर एका सायकलऐवजी दहा सायकलींवर कर्सर लावा आणि दहानं भागा. हीच २ टक्क्यांची चूक ०.२ वर येते.

आडव्या कर्सरला, म्हणजे व्होल्टेजच्या, एक वेगळी अडचण असते. रेष जाड दिसते, तिला नॉइजचं धुकं चिकटलेलं असतं. कर्सर धुक्याच्या वर लावायचा की मध्ये? मी मध्ये लावतो, आणि तसं कार्डवर लिहितो. ट्रॅक मोड असेल तर कर्सर वेव्हला चिकटून सरकतो, पण नॉइज असताना तो एखाद्या चुकार बिंदूवर बसतो. अशा वेळी मॅन्युअलच बरा.

कर्सरचा दोषही सांगायला हवा. तो माणसाच्या हातात असतो, आणि माणसाला हवा तो आकडा यायला लागतो. सप्लायची मर्यादा १०० मिलीव्होल्ट आहे हे डोक्यात असलं की हात नकळत ९५ वर थांबतो. आमच्याकडं महत्त्वाचं माप असेल तर दोघं वेगवेगळे कर्सर लावतात, दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा बघायचा नाही. दोघांत फरक पडला की परत.

आता मेजर : तो आत काय करतो?

मेजर मेन्यू उघडला की तीस-चाळीस नावं दिसतात आणि नवीन माणूस गांगरतो. त्यातली निम्मी नावं समजायला एकच गोष्ट कळली तरी पुरते. समोर जी वेव्ह साठलेली असते, तिचे सगळे बिंदू स्कोप मोजतो आणि कुठल्या उंचीवर किती बिंदू आहेत याची मोजदाद करतो. चौकोनी वेव्ह असेल तर दोन उंचींवर बिंदूंची गर्दी होते. वरच्या गर्दीला तो टॉप म्हणतो, खालच्या गर्दीला बेस. आणि जो एकटाच बिंदू सगळ्यात वर गेलेला असतो तो मॅक्स, एकटाच खाली गेलेला तो मिन.

म्हणून पीक-टू-पीक आणि ॲम्प्लिट्यूड या दोन गोष्टी वेगळ्या. पीक-टू-पीक म्हणजे मॅक्समधनं मिन वजा. ॲम्प्लिट्यूड म्हणजे टॉपमधनं बेस वजा. मॉस्फेटच्या (स्विचिंगच्या ट्रान्झिस्टरच्या) गेटवर १२ व्होल्टची पल्स आहे आणि तिच्या कोपऱ्यावर ३ व्होल्टचं शिंग आहे, तर मॅक्स १५ दाखवेल आणि टॉप १२. ड्रायव्हर बरोबर चालतोय का बघायचं असेल तर टॉप बघा. गेटची सहनशक्ती ओलांडली जातेय का बघायचं असेल तर मॅक्स बघा. साइन किंवा त्रिकोणी वेव्हला अशी गर्दी होत नाही, तिथं बहुतेक स्कोप मॅक्स-मिनवरच काम चालवतात.

राइज टाइम या टॉप-बेसवरच उभा असतो : बेसपासून १० टक्के उंचीवरनं ९० टक्के उंचीपर्यंत चढायला लागलेला वेळ. फ्रिक्वेन्सी आणि पीरियड मधल्या, ५० टक्क्यांच्या रेषेवरनं काढतात. वेव्ह ती रेष किती वेळानं त्याच दिशेनं परत ओलांडते, तेवढा पीरियड. त्यामुळं पडद्यावर एकही पूर्ण सायकल नसेल तर फ्रिक्वेन्सीच्या जागी आकड्याऐवजी रेघा किंवा तारे येतात. स्कोप बिघडला म्हणून घाबरू नका, टाइमबेस एक-दोन खटके सावकाश करा. मधल्या रेषेवरच नॉइज असेल तर ती एका कडेला तीन-चार वेळा ओलांडली जाते आणि फ्रिक्वेन्सी अचानक उड्या मारायला लागते.

आरएमएस (वेव्हची परिणामी किंमत) निवडताना एवढंच बघा की तो सगळ्या पडद्याचा आहे की सायकलचा. पडद्यावर सायकल अर्धवट कापलेली असेल तर सगळ्या पडद्याचा आकडा हलतो. मेन्यूत सायकल आरएमएस असेल तर तोच घ्या.

एक रेझिस्टर, एक कपॅसिटर

हा सराव मी प्रत्येकाकडनं करून घेतो, कारण यात कर्सर आणि मेजर एकमेकांची परीक्षा घेतात.

१० किलोओहमचा रेझिस्टर घ्या, तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा. आणि १०३ छापलेला छोटा कपॅसिटर, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. रेझिस्टरचं एक टोक कॉम्पेन्सेशनच्या पट्टीला, दुसऱ्या टोकाला कपॅसिटर, कपॅसिटरचा दुसरा पाय ग्राउंडला. चॅनल १ चौकोनी वेव्हवर, चॅनल २ रेझिस्टर-कपॅसिटरच्या सांध्यावर. टाइमबेस १०० मायक्रोसेकंद/डिव्ह, ट्रिगर चॅनल १ च्या चढत्या कडेवर.

चॅनल २ वर वेव्ह वाकत वाकत चढते, पाठ सपाट करते आणि पुन्हा तशीच उतरते. १० किलोओहम गुणिले ०.०१ मायक्रोफॅरड म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात कपॅसिटर ६३.२ टक्के भरतो. तुमच्या स्कोपची पट्टी ३ व्होल्टची असेल तर ६३.२ टक्के म्हणजे साधारण १.९ व्होल्ट. आडवा कर्सर १.९ वर लावा. उभा ए कर्सर चॅनल १ च्या कडेवर, आणि बी कर्सर वाकडी रेष त्या आडव्या कर्सरला जिथं छेदते तिथं. डेल्टा १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास यायला हवा. पार्ट जितके टक्के इकडं-तिकडं तितका आकडा इकडं-तिकडं. ९२ आला किंवा १०८ आला तर चूक तुमची नाही.

आता चॅनल २ चा राइज टाइम मेजरमध्ये लावा. तो २२० च्या आसपास दाखवेल. इथं पोरं हमखास अडकतात : कर्सर १०० म्हणतो, मेजर २२०. पण १० ते ९० टक्के चढायला टाइम कॉन्स्टंटच्या २.२ पट वेळ लागतो, हे गणितच आहे. मेजरच्या आकड्याला २.२ नं भागा आणि कर्सरशी ताडून बघा. जुळलं की तुम्हाला दोन्ही हत्यारं समजली, आणि वर त्या कपॅसिटरची खरी किंमतही मोजून झाली.

राइज टाइमबद्दल आणखी एक. स्कोपला स्वतःचाही राइज टाइम असतो : ०.३५ भागिले बँडविड्थ (स्कोप कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत नीट दाखवतो ती मर्यादा). १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ३.५ नॅनोसेकंद, ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ७. तेवढ्याच चपळ कडा मोजायला गेलात तर कर्सर लावा नाहीतर मेजर, दिसतो तो स्कोपचाच वेग.

मेजर फसतो तिथं

टाइमबेस फार सावकाश ठेवला की स्कोपची मेमरी पुरेना होते आणि तो सँपल विरळ घ्यायला लागतो. समजा मेमरी १ लाख पॉइंटवर ठेवली आहे आणि पडद्यावर एकूण १ सेकंद दिसतोय. म्हणजे सेकंदाला १ लाख सँपल. समोर एसएमपीएसचं ६५ किलोहर्ट्झचं स्विचिंग असेल, तर ते पडद्यावर ३५ किलोहर्ट्झचं होऊन बसतं, आणि मेजर तो ३५ चा आकडा बिनदिक्कत छापतो. कर्सरही ३५ च देईल, कारण चित्रच खोटं आहे. ओळखायची खूण सोपी : टाइमबेस दोन-तीन खटके वेगात न्या. खरी फ्रिक्वेन्सी तीच राहते, खोटी बदलते. मी फ्रिक्वेन्सीचा आकडा लिहून घ्यायच्या आधी हे खटके फिरवतोच.

दुसरी जागा म्हणजे एकाच वेव्हमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात ती. स्विचिंग ६५ किलोहर्ट्झचं, आणि प्रत्येक कडेनंतर थोडा वेळ थरथर, म्हणजे रिंगिंग. मेजर स्विचिंगची फ्रिक्वेन्सी सांगेल. रिंगिंगची हवी असेल तर वेव्ह पसरवून त्या थरथरीच्या पाच पूर्ण हेलकाव्यांवर कर्सर लावायला लागतात. पाच हेलकावे १ मायक्रोसेकंदात बसले तर ५ मेगाहर्ट्झ. स्नबर, म्हणजे ही थरथर दाबणारं सर्किट, बसवायला हा आकडा लागतो.

तिसरी जागा मला फार आवडते. एका कारखान्यात एनर्जी मीटर आणि पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) आरएस-४८५ या डेटा लाइनवर बोलणं बंद पडलं होतं. वायरिंग बरोबर, ॲड्रेस बरोबर. मेजरमध्ये फ्रिक्वेन्सी लावली तर आकडा सारखा नाचत होता. नाचणारच, कारण डेटामध्ये शून्य-एक कसेही येतात, सायकल अशी नसतेच. सिंगल बटण दाबून एक फ्रेम धरून ठेवली, त्यातली सगळ्यात अरुंद पल्स शोधली आणि तिच्या दोन कडांवर कर्सर लावले. ५२ मायक्रोसेकंद. व्यस्त आकडा १९.२ किलोहर्ट्झ, म्हणजे बॉड रेट (इथं सेकंदाला जाणाऱ्या बिट) १९२००. पीएलसी ९६०० वर होता, त्याची एक बिट १०४ मायक्रोसेकंदांची. मीटर बदलताना कुणीतरी सेटिंग तसंच सोडलं होतं. कर्सरच्या चौकटीतला व्यस्त आकडा म्हणजेच बॉड रेट, हे एकदा बघितलं की विसरत नाही.

रिलेच्या किंवा लिमिट स्विचच्या कॉन्टॅक्टचं थडथडणं, ड्राइव्हच्या वरच्या-खालच्या गेट सिग्नलमधला डेड टाइम (दोन्ही बंद असतात तो मधला वेळ), ही मापंही कर्सरचीच. डेड टाइम मात्र कंट्रोल कार्डवर, ऑप्टोकपलरच्या (प्रकाशानं सिग्नल पलीकडं नेणाऱ्या आयसोलेटरच्या) अलीकडं मोजा.

मेजरशिवाय जमत नाही तिथं

हात थकतो, डोळा चुकतो, आणि कधी तरी होणारा दोष आपण बघत असताना होत नाही. इथं मेजरची स्टॅटिस्टिक्स सोय चालू करा. चालू आकड्याशेजारी सरासरी, आजवरचा सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, आणि किती वेळा मोजलं ते दिसतं. दिवसातनं दोनदा आपोआप रीसेट होणारं एक कार्ड आमच्याकडं आलं होतं. ५ व्होल्टवर मिन लावून स्टॅटिस्टिक्स चालू केली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा चालू आकडा ४.९ होता, पण आजवरचा सगळ्यात कमी ४.१. एवढं पुरलं. रेग्युलेटरच्या पायाचा सोल्डर तडकला होता, गरम झाला की सुटायचा.

इथं सावध राहायची गोष्ट म्हणजे स्कोप अखंड बघत नसतो. एक चित्र घेतलं की ते मांडायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात घडलेलं निसटतं. त्यामुळं मिन चांगला दिसला म्हणजे डिप झालाच नाही असं समजू नका. ट्रिगर ४.७ व्होल्टवर, उतरत्या कडेला, मोड नॉर्मल किंवा सिंगल ठेवा आणि स्कोपला वाट बघू दे. डिप आला की चित्र थांबलेलं सापडतं. त्यानंतर तो किती वेळ टिकला हे कर्सरनं मोजा.

बऱ्याच स्कोपवर दोन्ही एकत्रही वापरता येतात. मेजरला कर्सरच्या मधल्याच भागात मोज असं सांगायची सोय असते, तिला गेटिंग म्हणतात. पहिल्या पोराचा रिपल असाच मोजता आला असता : दोन स्पाइकच्या मधल्या भागावर उभे कर्सर, आणि पीक-टू-पीक फक्त तेवढ्याचा. जागा माणसानं ठरवायची, मोजणी मशीननं करायची. हातानं लावलेल्या कर्सरपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा येतो, शिवाय त्याची स्टॅटिस्टिक्सही मिळते.

किती आकडे लिहायचे?

मेजर ४.९८७ व्होल्ट दाखवतो. त्यातले शेवटचे दोन आकडे लिहू नका. साध्या स्कोपची व्होल्टेजची अचूकता बहुधा ३ टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे ५ व्होल्टला ०.१५ व्होल्ट इकडं किंवा तिकडं. ५.० लिहा. स्थिर डीसी अचूक हवा असेल तर चांगला मल्टिमीटर लावा, त्या कामात तो स्कोपच्या पुढं आहे. वेळेच्या बाबतीत मात्र स्कोप भरवशाचा, कारण आतल्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत बहुधा शंभराच्या आतच असते. तिथं चूक होते ती कर्सर लावणाऱ्याची.

आणि आकड्याबरोबर तो कसा काढला हे लिहा. नुसतं "रिपल ६५" लिहिलेलं कार्ड सहा महिन्यांनी परत आलं तर कुणाला काही उपयोग नाही. लोड किती होता, बँडविड्थ लिमिट (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारी सोय) चालू होतं का, ग्राउंड वायर होती की स्प्रिंग, कर्सर की मेजर. पाच शब्द जास्त लागतात. त्या दिवशी पोरानं ४१२ वर रेघ मारली आणि खाली नव्यानं लिहिलं :

"२४ व्होल्ट, लोड ३ अँपिअर. एसी कपलिंग, २० मेगाहर्ट्झ लिमिट बंद, स्प्रिंग ग्राउंड. रिपल ६५ मिलीव्होल्ट (कर्सर). स्पाइक धरून १३८ मिलीव्होल्ट (मेजर, पीक-टू-पीक)."

मग मला विचारलं, "दादा, लिमिट चालू करून पण एक माप घेऊ का? स्पाइक कितीवर येत्यात बघूया की." आणि प्रोब परत उचलला.